शर्यतीच्या इंजिनाचा आवाज गेला कुठे?

सन २०२३ च्या फेब्रुवारी आणि मार्च या दोन महिन्यांत भारतातील मोटारशर्यतप्रेमींना दोन अगदी भिन्न अनुभव मिळाले. ११ फेब्रुवारीला हैदराबादेत हुसेनसागर तलावाच्या काठी ‘फॉर्म्युला ई’ ही विजेवरील मोटारींची जागतिक शर्यत झाली. मोटार समोरून गेली की बारीक शिट्टीसारखा ध्वनी आणि टायरची घासाघीस, एवढेच काय ते कानी पडत होते. त्यानंतर महिन्याभराने, १२ मार्चला मुंबईत वांद्रे येथे फॉर्म्युला वनचे माजी चालक डेव्हिड कूल्टहार्ड यांनी रेड बुल संघाची ‘आरबी-७’ ही मोटार रस्त्यावर पळवून दाखवली. तेथे मात्र कानांवर हात ठेवल्यावाचून उभे राहणे कठीण होते.

यातील गंमत अशी, की वांद्र्यात धावलेली मोटार त्या वर्षीची नव्हती. सेबॅस्टियन व्हेटेलने २०११ मध्ये ज्या जातीच्या मोटारीने ग्रेटर नोएडातील बुद्ध सर्किटवर पहिली इंडियन ग्रां प्री जिंकली, तीच ही आरबी-७. म्हणजे चक्क बारा वर्षांपूर्वीची! नव्या संकरित इंजिनाची मोटार चालू ठेवण्यास मोठा तांत्रिक ताफा लागतो आणि तिच्या सरावावर नियमांचे निर्बंधही आहेत, हे खरे. पण रस्त्याच्या कडेला जमणारा प्रेक्षक मोटार पाहण्याइतकाच ती ऐकण्यासाठी येतो, हेही आयोजक ओळखून असतात. भारतात २०११ ते २०१३ या तीन वर्षांत फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या आणि २०१४ पासून इंजिने बदलली. साहजिकच भारतीय भूमीवर शर्यतीत ऐकला गेलेला फॉर्म्युला वनचा आवाज हा केवळ व्ही-८ इंजिनाचाच आहे.

नवी इंजिने जुन्यांपेक्षा शक्तीने कमी नाहीत. इंधन तर ती खूपच कमी खातात. असे असताना जगभरचे शौकीन जुन्या इंजिनांच्या आवाजासाठी हळहळतात ते का, आणि तो आवाज नव्या इंजिनात परत आणता का येत नाही, हे समजून घ्यायचे तर आवाज निर्माण कसा होतो, येथूनच सुरुवात करावी लागेल.

सूर कोठून येतो?

चार-स्ट्रोक इंजिनातील प्रत्येक सिलिंडरमध्ये क्रँकशाफ्टच्या दर दोन फेऱ्यांमागे एकदा इंधनाचा स्फोट होतो. स्फोटानंतर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि अद्याप दाबाखाली असलेले तप्त वायू नळीत मुसंडी मारतात. दाबाचा हा धक्का म्हणजेच आवाजाचा मूळ ठोका. असे ठोके सेकंदाला किती पडतात, यावर स्वराची उंची ठरते. मिनिटाला १८,००० फेरे घेणारे दहा सिलिंडरचे इंजिन सेकंदाला ३०० फेरे घेते, आणि प्रत्येक फेऱ्यात पाच स्फोट होतात. म्हणजे सेकंदाला १,५०० ठोके. त्याच गतीच्या व्ही-८ चे १,२०० भरतात. आजचे सहा सिलिंडरचे इंजिन १२,००० फेऱ्यांवर जेमतेम ६०० ठोके देते.

संगीताच्या भाषेत सांगायचे तर पेटीवर पांढरी एक हा षड्ज धरला, तर व्ही-१० चा सूर अतितार सप्तकातील तीव्र मध्यमाच्या आसपास जातो. नवे इंजिन तार सप्तकातील ऋषभापाशीच थांबते. सप्तकाहूनही अधिक असलेला हा फरक अप्रशिक्षित कानालाही तत्काळ कळतो. त्यात मानवी कान २,००० ते ५,००० हर्ट्झ या पट्ट्यात सर्वाधिक तीक्ष्ण असतो. व्ही-१० च्या मूळ सुराच्या दुप्पट आणि तिप्पट कंप्रतेचे उपस्वर नेमके याच पट्ट्यात पडतात.

यात वेगाची भर पडते. ताशी ३०० किलोमीटरने येणाऱ्या मोटारीचा १,५०० हर्ट्झचा सूर समोरून येताना जवळपास १,९८० ऐकू येतो आणि मोटार पुढे निघून जाताच १,२०० वर घसरतो. प्रेक्षकाच्या अंगावर काटा आणणारी ती किंचाळी बऱ्याच अंशी या घसरणीची आहे.

तथापि केवळ स्वरउंचीने हे कोडे सुटत नाही. लोटस ४९ या मोटारीत बसवलेले कॉसवर्थ कंपनीचे ‘डीएफव्ही’ हे व्ही-८ इंजिन १९६७ मध्ये हॉलंडमधील झांडव्हूर्टला प्रथम शर्यतीत उतरले आणि जिम क्लार्कने त्याच दिवशी ती शर्यत जिंकली. १९८३ पर्यंत या इंजिनाच्या नावावर जागतिक अजिंक्यपदाच्या १५५ शर्यती जमा झाल्या. ते सुरुवातीस मिनिटाला ९,००० फेरे घेत असे. म्हणजे सेकंदाला ६०० ठोके. आजच्या व्ही-६ इतकेच! तरीही डीएफव्हीचा आवाज ज्याने ऐकला आहे, तो या दोहोंची गल्लत कधीच करणार नाही. एकाचे ठोके धारदार आणि उघडे आहेत, दुसऱ्याचे कोणीतरी पोलिसकागदाने घासून गुळगुळीत केलेले. हे घासण्याचे काम करणारा टर्बोचार्जर. त्याच्याकडे पुढे वळू.

फेऱ्यांची चढाओढ

जुन्या इंजिनांना इतके वेगाने फिरावे का लागे? इंजिनाची शक्ती ते किती हवा ओढते आणि त्या हवेत किती इंधन जाळते यावर अवलंबून असते. टर्बो नसलेले इंजिन दर दोन फेऱ्यांत आपल्या आकारमानाइतकीच हवा ओढू शकते. नियमांनी आकारमान बांधून टाकले, की शक्ती वाढवण्याचा मुख्य मार्ग एकच उरतो, तो म्हणजे अधिक फेरे.

१९८९ मध्ये टर्बोवर बंदी येऊन साडेतीन लिटरची इंजिने आली आणि १९९५ मध्ये मर्यादा तीन लिटरवर उतरली. फेरारीने बारा सिलिंडरचा हट्ट त्या वर्षापर्यंत धरला. जाँ आलेसीने १९९५ मध्ये कॅनडात जिंकलेली शर्यत हा व्ही-१२ चा अखेरचा विजय. मग सारेच संघ व्ही-१० कडे वळले. व्हॉल्व्ह बंद करणाऱ्या पोलादी स्प्रिंग इतक्या गतीला टिकत नसल्याने त्यांच्या जागी दाबाखालील वायू वापरण्याची युक्ती रेनोने १९८६ मध्येच काढली होती. तिच्या बळावर २००३ च्या सुमारास बीएमडब्ल्यूचे इंजिन १९,००० च्या पुढे गेले. भारताचा नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये जॉर्डन संघातून उतरला तेव्हा त्याच्या पाठीशीही टोयोटाचे व्ही-१० होते. २००६ मध्ये २.४ लिटरच्या व्ही-८ ची सक्ती झाली आणि त्याच वर्षी कॉसवर्थने २०,००० चा टप्पा गाठला.

या इंजिनांतील पिस्टन रुंद आणि बुटके असत. २.४ लिटरच्या व्ही-८ मध्ये सिलिंडरचा व्यास ९८ मिलिमीटर, तर पिस्टनची धाव सुमारे ४० मिलिमीटर. अशा चपट्या ज्वलनकक्षात उष्णता भिंतींवाटे भराभर निसटते, आणि घर्षणाचा तोटा फेऱ्यांबरोबर वाढतच जातो. इंधनातील ऊर्जेचा ३० टक्क्यांच्या आसपास भागच चाकांच्या कामी येई. बाकीची ऊर्जा रेडिएटरवाटे आणि एक्झॉस्टवाटे हवेत विरे. इंजिनाचे आयुष्यही क्षणभंगुर. एका शर्यतीच्या संपूर्ण आठवडाअखेरीस एकच इंजिन वापरण्याचे बंधन येण्यास २००४ साल उजाडावे लागले. त्यापूर्वी केवळ पात्रता फेरीसाठी वेगळे इंजिन बसवण्याची चैन श्रीमंत संघ करीत असत.

अर्थात आवाज मोठा म्हणजे मोटार वेगवान, असे समीकरण तेव्हाही नव्हते. ब्रिटनच्या ‘बीआरएम’ने दुसऱ्या महायुद्धानंतर दीड लिटरचे सोळा सिलिंडरचे सुपरचार्जरयुक्त इंजिन बांधले. १२,००० फेऱ्यांवर त्याचे ठोके सेकंदाला १,६०० होतात, म्हणजे १८,००० फेऱ्यांच्या व्ही-१० पेक्षाही अधिक. राष्ट्राची प्रतिष्ठा म्हणून गाजावाजा झालेली ही मोटार ऑगस्ट १९५० मध्ये सिल्व्हरस्टोनला पहिल्यांदा शर्यतीस उभी राहिली आणि आरंभरेषेवरच बंद पडली. जागतिक अजिंक्यपदाची एकही शर्यत ती जिंकू शकली नाही. तरीही जुन्या मोटारींच्या मेळाव्यात ते इंजिन सुरू झाले, की आसपासचे लोक हातातले काम टाकून धावतात.

२०१४ : मापदंडच बदलला

२०१४ मध्ये फॉर्म्युला वनने १.६ लिटरचे टर्बोयुक्त व्ही-६ आणि जोडीला दोन विद्युत जनित्रे अशी रचना स्वीकारली. मात्र आवाजाच्या दृष्टीने खरा निर्णायक नियम निराळाच होता. इंजिनात जाणाऱ्या इंधनाचा ओघ ताशी १०० किलोपेक्षा अधिक नसावा, आणि संपूर्ण शर्यतीसाठी १०० किलोच इंधन मिळावे, असे ठरले. पूर्वी एका शर्यतीस त्याच्या दीडपट इंधन सहज लागे.

हा कमाल ओघ १०,५०० फेऱ्यांवरच मिळू लागतो. त्यापुढे कितीही फेरे वाढवले तरी इंधन अधिक मिळत नाही, घर्षण तेवढे वाढते. त्यामुळे नियमांत १५,००० फेऱ्यांची मुभा असूनही अभियंते १२,००० च्या आसपासच थांबू लागले. ज्या खेळात ‘अधिक हवा, अधिक फेरे’ हा मंत्र होता, तेथे ‘त्याच इंधनातून अधिक काम’ हा मंत्र आला.

ताशी १०० किलो पेट्रोल म्हणजे सुमारे १,२०० किलोवॉट इतकी औष्णिक शक्ती. जुन्या हिशेबाने त्यातून ३६० किलोवॉट, म्हणजे पाचशेपेक्षा कमी अश्वशक्ती निघाली असती. मर्सिडीजने सप्टेंबर २०१७ मध्ये जाहीर केले, की ब्रिक्सवर्थ येथील कारखान्यातील चाचणीमेजावर आपल्या इंजिनाने ५० टक्के औष्णिक कार्यक्षमता ओलांडली आहे. म्हणजे तेवढ्याच इंधनातून ६०० किलोवॉट, अर्थात आठशे अश्वशक्ती. पेट्रोल इंजिनाच्या इतिहासातील ही झेप असामान्य आहे, आणि शौकिनांच्या हळहळीत ती झाकोळली जावी हे अन्यायाचे आहे.

यातील मोठा वाटा एक्झॉस्टमध्ये बसवलेल्या टर्बाइनचा. वायूंचे धक्के तिच्या पात्यांवर आदळतात आणि ती मिनिटाला लाखाच्या पुढे फेरे घेते. त्या गतीने इंजिनात हवा दाबून भरली जाते आणि टर्बोच्या दांड्यावरील जनित्रातून २०२५ पर्यंत वीजही निर्माण होत असे. ज्या धक्क्यांचा पूर्वी आवाज होत असे, ते धक्के येथे कामाला जुंपले जातात. नळीच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत वायू थंडावलेले, मंदावलेले आणि एकसंध झालेले असतात. आवाजाच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा स्वतः फारच थोडी असते; पण ज्या उष्णतेतून आणि दाबातून तो आवाज जन्मतो, ती ऊर्जा प्रचंड असते आणि तिलाच टर्बाइनने हात घातला. नव्या इंजिनाचा मुकेपणा हा रचनेतील दोष म्हणता येत नाही. कार्यक्षमता मिळवण्याच्या प्रक्रियेतच तो अंतर्भूत आहे.

हे न उमगल्याने, किंवा उमगूनही नाइलाजाने, सुरुवातीस बरीच धडपड झाली. मार्च २०१४ मध्ये मेलबर्नला मोसमाची पहिली शर्यत होताच तेथील संयोजकांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. फॉर्म्युला वनचे तत्कालीन सर्वेसर्वा बर्नी एक्लस्टन आधीपासूनच विरोधात होते. चार वेळचा जगज्जेता व्हेटेलने तर नव्या आवाजाची अत्यंत कडक शब्दांत संभावना केली. मे महिन्यात बार्सिलोनाच्या सरावात मर्सिडीजने एक्झॉस्टच्या टोकाला कर्ण्यासारखे रुंद तोंड बसवून पाहिले. उपयोग शून्य. २०१६ पासून टर्बाइनला वळसा घालून जाणाऱ्या वायूंसाठी वेगळी नळी सक्तीची झाली. तिने थोडा फरक पडला, पण गेलेला सूर परतला नाही. तो परतणेही शक्य नव्हते.

ले मान्सचा दाखला

फ्रान्समधील ले मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत हाच तिढा आधी उद्‌भवला होता. १९७२ ते १९७४ अशी सलग तीन वर्षे तेथे मात्रा कंपनीच्या व्ही-१२ मोटारी जिंकल्या. त्यांचा आवाज शर्यतविश्वात आजही दंतकथेसारखा सांगितला जातो. १९९१ मध्ये माझदाची ‘७८७बी’ जिंकली. तिच्यात पिस्टन नव्हते, चार रोटर होते. रोटरी इंजिनात एक्झॉस्टचे दार व्हॉल्व्हसारखे हळूहळू न उघडता एकदम उघडते, म्हणून त्याचा ध्वनी करवतीसारखा कापत जातो. जपानी कंपनीचा ले मान्समधील तो पहिला विजय. येथे एक बाब नमूद करायला हवी. त्या काळी या शर्यतीत इंधनाचा ठराविक कोटा असे, आणि इंधन अधिक पिण्याबद्दल बदनाम असलेल्या रोटरीने त्या कोट्यातच शर्यत जिंकली. माझदाला वजनात मिळालेली सवलत आणि चोवीस तास न कुरकुरणारे इंजिन हे दोन्ही उपयोगी पडले. तेव्हा ‘गोंगाट म्हणजे उधळपट्टी’ हे सूत्रही सरसकट लावता येत नाही.

पंधरा वर्षांनी, २००६ मध्ये ऑडीची ‘आर-१० टीडीआय’ तेथेच जिंकली. डिझेलवर धावणारी ती पहिली विजेती. साडेपाच लिटरचे व्ही-१२ इंजिन असूनही ती इतकी शांत होती, की सरळ रस्त्यावरून जाताना वाऱ्याचा आणि टायरचाच आवाज पुढे येई. इंधन कमी लागल्याने तिला थांबेही कमी घ्यावे लागत. प्रेक्षकांनी तेव्हाही कुरकुर केलीच.

कानांचे काय?

या साऱ्या चर्चेत कानांचा विचार क्वचितच होतो. व्यावसायिक आरोग्याच्या एका सर्वमान्य निकषानुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासच ऐकावा, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्म्यावर येते. १०० डेसिबलला ती अवघी पंधरा मिनिटे उरते. व्ही-१० च्या काळात धावपट्टीलगत आवाज याहून कितीतरी वर जाई. कानात बोळे घातल्याविना शर्यत पाहणे हा अविचारच होता, आणि लहान मुलांना नेणाऱ्या पालकांनी मोठ्या कर्णपट्ट्या सोबत नेणे अनिवार्य होते. २०१४ नंतर ब्रेक लावताना घसटणारा टायर, ध्वनिक्षेपकावरील समालोचन, इतकेच काय, शेजाऱ्याचे बोलणेही ऐकू येऊ लागले. ज्यांच्या घरापासून सर्किट जवळ आहे, त्यांचे मत शौकिनांपेक्षा वेगळे असणार, हे सांगायला नको.

वाचले किती?

दुसरी बाजूही तपासायला हवी. फॉर्म्युला वनने २०१९ मध्ये आपल्या कर्ब उत्सर्जनाचा ताळेबंद प्रसिद्ध केला. वर्षाकाठी सुमारे २ लाख ५६ हजार टन उत्सर्जनापैकी मोटारींच्या इंजिनांचा वाटा ०.७ टक्का निघाला. सामानाची वाहतूक ४५ टक्के, आणि माणसांचा प्रवास २७ टक्क्यांहून अधिक. म्हणजे धावपट्टीवर वाचलेले इंधन पर्यावरणाच्या हिशेबात नगण्य आहे. इंजिने शांत झाल्याने पृथ्वी वाचली, असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नव्हे.

मग हा खटाटोप कशासाठी? मोटार कंपन्यांसाठी. शर्यतीवर कोट्यवधी खर्च करणाऱ्या कंपनीला आपल्या संचालक मंडळापुढे ‘यातून रस्त्यावरील मोटारीला काय मिळणार’ याचे उत्तर द्यावे लागते. लहान टर्बो इंजिन आणि विजेची जोड हे उत्तर पटण्याजोगे होते. मात्र टर्बोवरील जनित्र, ज्याने ५० टक्क्यांची किमया साधली, ते अतिशय महाग आणि गुंतागुंतीचे ठरले. घरगुती वापराच्या मोटारींत ते जवळजवळ उतरलेच नाही. नव्या कंपन्यांना आकर्षित करण्यासाठी २०२६ च्या नियमावलीत ते काढून टाकण्यात आले. टर्बो राहिला, चाकांना जोडलेल्या विद्युत मोटारीची शक्ती १२० वरून ३५० किलोवॉट झाली, आणि टिकाऊ स्रोतांपासून बनवलेले इंधन सक्तीचे झाले. ऑडीने याच नियमांवर फॉर्म्युला वनमध्ये येण्याचे ठरवले.

या नव्या इंधनामुळेच जुन्या आवाजाच्या बाजूचा युक्तिवाद पुन्हा उभा राहिला. इंधन कर्बतटस्थ असेल, तर इंजिन काटकसरी असलेच पाहिजे असे थोडेच आहे? जुलै २०२२ मध्ये सिल्व्हरस्टोनला व्हेटेलने स्वतःच्या मालकीची १९९२ सालची विल्यम्स ‘एफडब्ल्यू-१४बी’ अशाच इंधनावर चालवून दाखवली. नायजेल मॅन्सेलला जगज्जेता करणाऱ्या त्या मोटारीत रेनोचे व्ही-१० आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये जागतिक मोटार महासंघाचे अध्यक्ष मोहम्मद बेन सुलायेम यांनी टिकाऊ इंधनावरील व्ही-१० चा विचार व्हावा, असे जाहीरपणे मांडले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बहारीनला कंपन्यांची बैठक झाली, पण २०२६ चे नियम कायम राहिले. नंतर चर्चा व्ही-८ कडे सरकली. नव्या इंधनाचा उत्पादनखर्च पाहता ते उधळणे किती परवडेल, हा मुद्दा या चर्चेत म्हणावा तितका पुढे आलेला नाही.

जुन्या इंजिनांची जपणूक

दरम्यान, जुना आवाज ऐकण्याची सोय अगदीच संपलेली नाही. इंग्लंडमधील गुडवूडचा ‘रिव्हायव्हल’ मेळावा १९९८ पासून भरतो. मोनॅकोत जुन्या ग्रां प्री मोटारींची शर्यत १९९७ मध्ये सुरू झाली. ले मान्सलाही २००२ पासून जुन्या मोटारींचा सोहळा होतो. डिसेंबर २०२० मध्ये अबुधाबीत फर्नांडो अलोन्सोने आपली २००५ ची अजिंक्यपदाची रेनो ‘आर-२५’ काही फेऱ्या पळवली, तेव्हा तिच्या चित्रफिती बऱ्याच फिरल्या.

मात्र १९५० किंवा १९६० च्या दशकातील इंजिन सांभाळणे एक, आणि २००५ चे व्ही-१० सांभाळणे निराळे. जुन्या इंजिनाचा भाग कुशल कारागीर नव्याने घडवू शकतो. व्ही-१० चे भाग इतके घट्ट जुळवलेले असतात, की थंड अवस्थेत ते फिरवताच येत नाही. सुरू करण्यापूर्वी बाहेरून तापवलेले पाणी आणि तेल त्यात खेळवावे लागते. सोबत त्या काळचा संगणक आणि त्याची आज्ञावली चालू स्थितीत हवी. ते ज्या कंपनीने बांधले, तिच्या मदतीवाचून मालकाचे पान हलत नाही. म्हणूनच खासगी मालकीच्या कित्येक मोटारींत मूळ इंजिनाऐवजी जड किंवा कॉसवर्थ या कंपन्यांची सांभाळायला सोपी इंजिने बसवलेली आढळतात. ज्यांत मूळ इंजिन टिकून आहे, तेही जपून, मूळ मर्यादेपेक्षा दोन-चार हजार फेरे खालीच चालवले जाते. १९,००० फेऱ्यांवरचा तो सूर आज बहुतांशी ध्वनिमुद्रणांतच ऐकायला मिळतो.